कोणती मुळी आणि कोणता घसा: स्लीप अ‍ॅप्नियाच्या एका प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. यजमानांचं वय ५२, स्लीप स्टडीत (झोपेतल्या तपासणीत) एएचआय, म्हणजे झोपेत तासाला श्वास अडण्याच्या प्रसंगांचा आकडा, ३४ आला. नाकातून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र आणलं, पण तीन महिन्यांत ते कपाटात गेलं. एका सर्जननी टाळूची शस्त्रक्रिया सुचवली. नात्यातल्या एका जाणत्या गृहस्थांनी झोपेसाठी मुळ्यांचा काढा सुचवला आणि वर सांगितलं, की मुळी ठरावीक डोंगराळ भागातलीच हवी, दुसरीकडची निरुपयोगी. वनस्पतीचा गुण प्रदेशानुसार बदलतो याला संशोधनाचा आधार आहे का, आणि असेल तर शस्त्रक्रिया टळेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे.

मी कान-नाक-घशाचा सर्जन आहे. झोपेत श्वास अडणाऱ्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करायला लागून वीसेक वर्षं झाली. माझा कल चाकूकडे असणार, हे धरूनच पुढचं वाचा.

त्या गृहस्थांचं पहिलं म्हणणं खरं आहे. तेच झाड दुसऱ्या मातीत, दुसऱ्या उंचीवर, दुसऱ्या ऋतूत उपटलं की त्यातली रसायनं बदलतात, कधीकधी इतकी की नाव सोडून दोघांत काही सामाईक उरत नाही. पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. कारण त्यांचा युक्तिवाद शेवटपर्यंत नेला, तर तो काढ्याच्याच विरोधात जातो.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनचं. चीनच्या तू यूयू यांना त्यासाठी २०१५ सालचं नोबेल मिळालं. जुन्या चिनी ग्रंथांत ज्या वनस्पतीचा उल्लेख आहे, त्या नावाखाली एकाहून जास्त झाडं वापरली जात होती आणि त्यातलं एकच कामाचं निघालं. तेही सगळीकडचं नाही. बीजिंगच्या आसपासच्या झाडांत आर्टेमिसिनिन फार कमी, सिचुआन प्रांतातल्या झाडांत बरंच जास्त. शिवाय ते होतं पानांत, आणि पानं फुलोऱ्याच्या आधी तोडावी लागत. यात आणखी एक मेख होती. उष्णतेनं गुण नाहीसा होत असावा असा संशय आल्यावर तू यूयू यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या इथरमध्ये अर्क काढला, आणि तेव्हा कुठे १९७१ साली नीट परिणाम दिसला. त्या जुन्या ग्रंथातही पाला पाण्यात भिजवून पिळून रस प्यायला सांगितलं होतं, उकळायला नव्हे. म्हणजे झाड कोणतं, कुठलं, कोणता भाग, कधी तोडलेला आणि अर्क कसा काढलेला, या पाचही प्रश्नांची उत्तरं जुळली तेव्हा औषध हाती आलं. एकही चुकलं असतं, तर ‘या झाडात काही दम नाही’ असाच निष्कर्ष निघाला असता.

वेखंड सगळ्यांच्या ओळखीचं आहे. त्याच्या तेलात बीटा-असरोन नावाचा घटक असतो. उत्तर अमेरिकेतल्या वेखंडात गुणसूत्रांचे दोन संच असतात आणि त्यात हा घटक जवळपास नसतोच. युरोपातल्या वेखंडात तीन संच, घटक थोडा. दक्षिण आणि पूर्व आशियात चार संचांचं वेखंड सापडतं, आणि त्याच्या तेलाचा बहुतांश भाग बीटा-असरोनच असू शकतो. प्रयोगशाळेतल्या उंदरांत या घटकामुळे गाठी झालेल्या दिसल्या, म्हणून अमेरिकेनं १९६८ साली खाद्यपदार्थांत वेखंड घालायला बंदी केली. झाड एकच, नाव एकच, वासही साधारण तसाच. एका खंडातल्या वेखंडावर केलेला सुरक्षिततेचा अभ्यास दुसऱ्या खंडातल्या वेखंडाला मात्र लावता येत नाही. लक्षात घ्या, प्रदेशानुसार इथे गुण वाढलेला नाही, धोका वाढलेला आहे. ‘अमुक भागातली मुळी जास्त जहाल’ हे वाक्य आपण कौतुकानं ऐकतो. जहाल म्हणजे नेमकं काय जास्त, हे कुणी विचारत नाही.

चीनमध्ये ‘अमुक प्रांताची अमुक मुळी’ ही कल्पना फार जुनी आहे, तिला तिथे स्वतंत्र नाव आहे आणि त्यावर आज रीतसर रसायनशास्त्रीय संशोधन चालतं. जगात इतरत्र अश्वगंधेचे रासायनिक प्रकार १९६० च्या दशकातच इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी वेगळे केले होते. तीन ठिकाणची झाडं दिसायला सारखी, आतली विथॅनोलाइड नावाची रसायनं वेगळी. अश्वगंधेच्या शास्त्रीय नावातल्या ‘सोम्निफेरा’चा अर्थ ‘झोप आणणारी’, त्यामुळे तुमच्या काढ्यात ती असण्याची शक्यता मला दाट वाटते. तिच्या पानांतली आणि मुळांतली रसायनं सारखी नसतात. परंपरेत वापर मुख्यतः मुळाचा, आणि कॅप्सूलमध्ये पानांचा अर्क मिसळलेला असेल तर गोष्ट वेगळी होते. अश्वगंधा घेणाऱ्या काही लोकांना कावीळ झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. म्हणजे प्रत्येकाला होते असं नाही. पण ‘झाडपाला आहे, अपाय नाही’ हे वाक्य मात्र खोडून टाका.

मग नावांचा घोळ. माझ्या मते प्रदेशाच्या फरकापेक्षा हा मोठा आहे. शंखपुष्पी म्हणून निदान चार वेगळी झाडं वापरली जातात, त्यातलं एक तर आपली गोकर्ण. ब्राह्मी म्हणजे कुणासाठी पाणथळ जागी वाढणारी बॅकोपा, कुणासाठी मंडूकपर्णी. रास्ना उत्तरेत एक आणि दक्षिणेत कोळिंजन. आणि झोपेसाठी सांगितली जाणारी तगर! औषधातली तगर म्हणजे हिमालयातल्या वॅलेरियानाचं मूळ, युरोपातल्या व्हॅलेरियनची चुलत बहीण. मराठीत मात्र तगर म्हटलं की पांढऱ्या फुलांचं, चीक येणारं झुडूप डोळ्यांसमोर येतं. त्याचा वॅलेरियानाशी काडीचा संबंध नाही. ‘तगरीचं मूळ उकळून प्या’ असा निरोप फोनवरून गेला, तर पलीकडचा माणूस कोणतं झाड खणेल?

हे केवळ शब्दांचे खेळ नव्हेत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या औषधात एका चिनी मुळीच्या जागी तिच्याशी नावसाधर्म्य असलेली अ‍ॅरिस्टोलोकियाची मुळी गेली. शंभराहून जास्त लोकांची मूत्रपिंडं खराब झाली, आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचे कर्करोग झाले. कुणाचा हेतू वाईट नव्हता. नाव जुळलं, झाड जुळलं नाही.

म्हणून त्या गृहस्थांना माझ्यातर्फे एवढंच विचारा: झाडाचं शास्त्रीय नाव काय, कोणता भाग, कधी काढलेला, आणि त्यातल्या कोणत्या घटकाचं प्रमाण कुणी मोजलंय का? मोजण्याची तंत्रं आहेत. क्रोमॅटोग्राफीनं घटकांचं प्रमाण कळतं, डीएनए चाचणीनं जात कळते. डीएनए चाचणीचा उगाच गवगवा होतो, कारण वनस्पती बरोबर आहे एवढंच ती सांगते, तिच्यात दम किती ते सांगत नाही. जड धातूंची तपासणी हा आणखी वेगळा मुद्दा. डोंगराच्या नावावर समाधान मानायचं असेल तर गोष्ट निराळी, पण मुळी प्रदेशागणिक बदलते असं जो म्हणतो, त्यानंच मोजमाप आधी मागायला हवं.

आता घशाकडे येऊ.

कडक टाळूच्या मागच्या टोकापासून स्वरयंत्रापर्यंतचा घशाचा भाग ही मऊ नळी आहे. तिला श्वासनलिकेसारख्या कूर्चेच्या कड्या नाहीत. जागेपणी जिभेचा मोठा स्नायू आणि त्याचे सोबती ती ताणून उघडी ठेवतात. झोप लागली की ते सैलावतात. ज्याचा मार्ग मुळात अरुंद आहे, मग तो चरबीमुळे असो, मागे सरकलेल्या जबड्यामुळे असो वा मोठ्या टॉन्सिलमुळे, त्याची नळी मिटते. दहा सेकंद किंवा जास्त श्वास थांबला की त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. श्वास अर्धवट अडला आणि सोबत ऑक्सिजन उतरला किंवा मेंदू जागा झाला, की तो हायपॉप्निया. तासाला असे प्रसंग किती, तो एएचआय. पाचपर्यंत ठीक, पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. यजमानांचा ३४ म्हणजे झोपेत सरासरी पावणेदोन मिनिटांना एक अडथळा.

झोपेच्या काढ्याची खरी अडचण इथे आहे. झोप न लागणं हा एक आजार आणि झोपेत नळी मिटणं हा दुसरा. व्हॅलेरियन, अश्वगंधा वगैरेंचे जे छोटे-मोठे अभ्यास आहेत ते पहिल्या आजारावरचे. दुसऱ्यात रुग्णाला झोप लागण्याची अडचण सहसा नसतेच, उलट तो सिग्नलला गाडी थांबली तरी डुलकी काढतो. श्वास अडला की मेंदू त्याला क्षणभर जागा करतो आणि नळी उघडतो. ती जाग त्रासदायक आहे खरी, पण तीच त्याला वाचवत असते. दारूनं अ‍ॅप्निया वाढतो हे पक्कं ठाऊक आहे, कारण ती स्नायूही सैलावते आणि जागही लांबवते. प्रत्येक झोपेची गोळी तितकीच वाईट असते असं नाही. पण कशाचा किती अंश पोटात जातोय तेच माहीत नसलेलं झोपेचं द्रव्य एएचआय ३४ असलेल्या माणसाला, यंत्राशिवाय, रोज रात्री द्यायचं? मी देणार नाही.

वनस्पतीतून अ‍ॅप्नियाचं औषध कधी निघणारच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. रसायनानं घशाच्या स्नायूंचा ताण झोपेत टिकवता येतो, हे २०१९ साली अ‍ॅटोमोक्सेटिन आणि ऑक्सिब्युटिनिन या औषधांच्या जोडीच्या २० जणांवरच्या छोट्या अभ्यासात दिसलं. एएचआयचा मध्यक २८.५ वरून ७.५ वर आला. एका रात्रीचा प्रयोग होता, त्यावर घर बांधता येत नाही, पण दिशा कळते. वनस्पतीच्या जवळचं उदाहरण गांजाचं. त्यातल्या एका घटकाचं कृत्रिम रूप ड्रोनॅबिनॉल. सहा आठवड्यांच्या चाचणीत, ७३ जणांत, प्लासीबोच्या (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या) तुलनेत एएचआय दहा-बारानं कमी झाला. तरीही अमेरिकेच्या झोपवैद्यक अकादमीनं २०१८ साली भूमिका घेतली, की अ‍ॅप्नियासाठी गांजा किंवा त्याचे कृत्रिम अर्क वापरू नयेत. पुरावा अपुरा, आणि शरीरात नेमकं किती औषध पोहोचतं याचा भरवसा नाही, ही त्यामागची कारणं. पुन्हा तोच मुद्दा: कोणता माल, किती घटक. शुद्ध गोळीनं थोडा उतार दिसला म्हणून अनोळखी झाडाला ते श्रेय मिळत नाही.

शस्त्रक्रियेबद्दल जास्त लिहायचं आहे, कारण ‘टाळूची शस्त्रक्रिया सुचवली’ हे वाक्य मला ‘डोंगरातली मुळी सुचवली’ याच्याइतकंच अपुरं वाटतं.

१९६९ साली जर्मनीत अशा रुग्णांच्या गळ्यात छिद्र करून श्वास थेट श्वासनलिकेतून दिला गेला. मिटणारी नळी वगळलीच गेली, त्यामुळे उपाय जवळजवळ हमखास. पण जन्मभर गळ्यात नळी घेऊन कोण राहील? मग १९८१ साली, एकाच वर्षात, दोन गोष्टी प्रसिद्ध झाल्या. सिडनीत कॉलिन सुलिव्हन यांनी पाच रुग्णांत नाकातून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवता येतो हे दाखवलं, म्हणजे आजचा सीपॅप. आणि अमेरिकेत शिरो फुजिता यांनी पडजीभ, मऊ टाळूची कड आणि टॉन्सिल काढून घसा रुंद करण्याची शस्त्रक्रिया मांडली, तिचं लांबलचक नाव आम्ही यूपीपीपी असं आटोपतो. दाब सगळ्या घशाला आतून आधार देतो, कुठे मिटतंय याची त्याला पर्वा नसते. चाकू मात्र एकाच जागी चालतो. त्या जागी घसा मिटत नसेल, तर काहीही साधत नाही.

सुरुवातीच्या काळात आम्ही सर्जन (पुढे यात मीही आलो) घोरणारा माणूस दिसला की टाळू कापायचो. १९९६ मध्ये शेर नावाच्या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी तोवरचे निकाल एकत्र केले, तेव्हा यूपीपीपीचं यश साधारण ४१ टक्के भरलं. नाणेफेकीपेक्षाही वाईट. त्यात यशाची व्याख्या उदार: एएचआय निम्म्यावर यावा आणि वीसच्या खाली जावा. यजमानांचा ३४ शस्त्रक्रियेनंतर १६ झाला तर कागदावर ते ‘यश’, पण १६ म्हणजे अजूनही मध्यम अ‍ॅप्निया. सर्जन टक्केवारी सांगेल तेव्हा ‘यश म्हणजे काय धरलंय?’ हे विचारायला बिचकू नका. चांगला सर्जन या प्रश्नानं सुखावतो.

निवड केली की चित्र पालटतं. फ्रीडमन यांनी २००२ मध्ये १३४ रुग्ण तीन गटांत विभागले. पाहिलं काय, तर तोंड उघडल्यावर जीभ आत ठेवून टाळू किती दिसतो, टॉन्सिल किती मोठे, आणि वजन किती. टॉन्सिल मोठे आणि टाळू नीट दिसतो, अशा पहिल्या गटात यूपीपीपीचं यश ८० टक्क्यांच्या आसपास. मधल्या गटात ३८. टॉन्सिल लहान आणि जिभेनं टाळू झाकलेला, त्या तिसऱ्या गटात ८ टक्के. एकाच नावाची शस्त्रक्रिया, ८० आणि ८! वेखंडाची आठवण येते ती यामुळेच. ‘टाळूची शस्त्रक्रिया चालते का?’ या प्रश्नाला उत्तर नाही. कोणत्या घशात, हे सांगा, मग बोलू.

माझ्या हातची एक गोष्ट सांगतो. चाळिशीतले गृहस्थ, टॉन्सिल लहान, जीभ जाड. मी टाळूची शस्त्रक्रिया केली. दोन महिन्यांनी पत्नी पेढे घेऊन आल्या, घोरणं संपूर्ण बंद. पुन्हा स्लीप स्टडी करा म्हटलं तर दोघंही हसले. वर्षानं ते दिवसाच्या झोपेसाठी परत आले. आधीचा एएचआय ४१, आताचा ३८. थरथरणारा टाळू गेला म्हणून आवाज गेला होता, पण अडथळा जिभेच्या मुळाशी होता आणि तो होता तिथेच. घोरण्याची धोक्याची घंटा मात्र मी काढून टाकली होती. तेव्हापासून शस्त्रक्रियेनंतर तीन ते सहा महिन्यांत फेरतपासणी कबूल नसेल, तर मी शस्त्रक्रियाच करत नाही.

आता आम्ही आधी झोपेतली एंडोस्कोपी करतो. औषधानं हलकी झोप आणून नाकातून बारीक दुर्बीण घालायची आणि घसा कुठे मिटतो ते बघायचं: टाळूशी, बाजूच्या भिंतींशी, जिभेच्या मुळाशी की स्वरयंत्राच्या झाकणाशी. टाळू पुढून मागे मिटतो की चहूबाजूंनी बटव्यासारखा आवळतो, हेही बघायचं. औषधाची झोप ही खरी झोप नाही, आणि दोन सर्जन तोच व्हिडिओ बघून वेगळं बोलू शकतात, हे मान्य. तरी अंदाजानं कापण्यापेक्षा बरं. तुमच्या यजमानांची ही तपासणी झाली आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

त्यानुसार पर्याय बदलतात. हल्लीच्या टाळूच्या शस्त्रक्रियांत कापण्यापेक्षा स्नायू वळवून ताणण्यावर भर असतो, आणि गिळताना पाणी नाकात येण्याचा जुना त्रास त्यामुळे कमी झालाय. टाळू आणि जीभ दोन्ही मिटत असतील तर दोन्हींवर काम करतात. ऑस्ट्रेलियातल्या २०२० च्या चाचणीत सीपॅप न जमलेल्या १०२ जणांपैकी निम्म्यांवर टाळूची शस्त्रक्रिया आणि जिभेवर रेडिओफ्रीक्वेन्सी (रेडिओलहरींच्या उष्णतेनं ऊती आवळण्याची प्रक्रिया) केली. सहा महिन्यांत त्यांचा एएचआय ४७.९ वरून २०.८ वर आला. आणि ज्यांना हात लावला नाही, फक्त वजन, झोपण्याची कूस वगैरे वैद्यकीय उपाय चालू ठेवले, त्यांचा ४५.३ वरून ३४.५. हा दुसरा आकडा मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. चाकू न लावता जवळपास अकरानं उतार! तुलनेचा गट नसता, तर हे श्रेय कुणीही लाटलं असतं, सर्जननं किंवा काढा देणाऱ्यानं.

जिभेची नस हळूच चेतवणारं, पेसमेकरसारखं छातीत बसवायचं यंत्रही आहे. श्वास घेताना ते जीभ पुढे ढकलतं. त्याच्या २०१४ च्या अभ्यासात १२६ जणांचा एएचआयचा मध्यक वर्षभरात २९.३ वरून ९ वर आला. पण ज्यांचा टाळू बटव्यासारखा आवळतो आणि जे फार स्थूल आहेत, त्यांना या अभ्यासात आधीच वगळलेलं होतं. यश मोठं दिसतं त्यात निवडीचा वाटा आहे, आणि त्यात गैर काही नाही. वरचा आणि खालचा जबडा पुढे आणण्याची शस्त्रक्रिया सगळ्यांत मोठी, आणि गळ्यातल्या छिद्रानंतर सगळ्यांत परिणामकारक. एकत्रित निकालांत यश ८५ टक्क्यांच्या आसपास. चेहरा बदलतो, खालच्या ओठाला बधिरपणा राहू शकतो, कित्येक आठवडे मऊ खावं लागतं. मागे सरकलेल्या हनुवटीच्या, सडपातळ रुग्णाला मी ती आधी सुचवतो. काही मानवसमूहांत चेहऱ्याची हाडं अशी असतात, की वजन जास्त नसतानाही अ‍ॅप्निया होतो. म्हणजे प्रदेशानुसार फक्त मुळ्या नव्हे, घसेही बदलतात.

नाकाची शस्त्रक्रिया: एकटीनं एएचआय फारसा उतरत नाही. पण बंद नाकामुळे ज्याला मास्क सोसवत नाही, त्याचा सीपॅप तिच्यामुळे सुरू होतो. हे काही छोटं काम नाही.

आणि शस्त्रक्रिया ठरलीच, तर काढ्याचा विषय परत येतो. टॉन्सिल काढल्यावर रक्तस्रावाचा एक धोका पहिल्या दिवशी, दुसरा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, खपली निघते तेव्हा. लसणाच्या अर्काच्या गोळ्या, जिंको, जिनसेंग यांनी रक्त गोठण्याची क्रिया मंदावू शकते. व्हॅलेरियनसारखी द्रव्यं भुलीच्या औषधांचा गुंगीचा परिणाम वाढवू शकतात, आणि बरेच दिवस घेतल्यावर एकदम बंद केली तर अस्वस्थता येऊ शकते. अ‍ॅप्नियाच्या रुग्णाला भुलीनंतरची गुंगी आणि कडक वेदनाशामकं तशीही जड जातात. माझ्या एका रुग्णाला सातव्या दिवशी रात्री रक्त आलं, पुन्हा भूल देऊन थांबवावं लागलं. नंतर कळलं, ते लसणाच्या कॅप्सूल घेत होते. कॅप्सूलमुळेच झालं असं मी सिद्ध करू शकत नाही, सातव्या दिवशी रक्त त्याविनाही येतं. पण आधी विचारलं तेव्हा ते ‘औषध काहीच नाही’ म्हणाले होते, कारण त्यांच्या लेखी ते औषध नव्हतं. निदान दोन आठवडे आधी हे सगळं थांबवायचं असतं, तेही भूलतज्ज्ञांना सांगून. काय काय घेतात याची यादी नको, डबेच घेऊन या, असं मी आता सांगतो.

तुमच्या यजमानांसाठी मी काय करेन? आधी सीपॅप कपाटातून काढेन. तो का सोडला, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावरच अडलंय. नाक कोरडं पडत असेल तर हवा दमट करणारा ह्युमिडिफायर, मास्क दाबत असेल तर वेगळ्या आकाराचा मास्क, दाब जास्त वाटत असेल तर आपोआप जुळवून घेणारं यंत्र, नाक बंद असेल तर आधी नाक. यंत्रात रात्रीगणिक नोंदी साठतात, त्या घेऊन झोपतज्ज्ञांना भेटा. ‘जमत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत कुणीतरी अर्धा तास नीट दिलेला नसतो, एवढंच. वजन जास्त असेल तर त्यालाही हात घाला. २००० सालच्या एका मोठ्या पाहणीत दहा टक्के वजन घटल्यावर एएचआय सुमारे २६ टक्क्यांनी उतरताना दिसला, आणि स्थूल रुग्णांसाठी टिर्झेपटाइड हे इंजेक्शन अमेरिकेत २०२४ च्या अखेरीस याच आजारावर मान्य झालं. दातांवर बसवून जबडा पुढे धरणारं उपकरण दंतवैद्य करून देतात. तीव्र अ‍ॅप्नियात ते पहिली पसंती नसलं, तरी काहीच न वापरण्यापेक्षा नक्कीच बरं.

काढा घ्यायचाच असं घरात ठरलं, तर सीपॅप चालू ठेवून, शास्त्रीय नाव लिहून घेऊन आणि यकृताची तपासणी करून. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी बंद. आणि गुण आला की नाही हे ‘हल्ली बरं वाटतं’ यावर ठरवू नका, पुन्हा स्लीप स्टडी करूनच ठरवा. एएचआय एका रात्रीहून दुसऱ्या रात्री सहज पाच-दहानं हलतो, तेव्हा तेवढ्या फरकानं भुलू नका.

आता मला दोन गोष्टी कळवा. एक, आरशासमोर त्यांना तोंड उघडायला सांगा, जीभ बाहेर न काढता: बाजूचे टॉन्सिल मध्याकडे आलेले दिसतात का, आणि पडजीभ दिसते का. दुसरी, स्लीप स्टडीच्या अहवालात उताणं झोपल्यावरचा आणि कुशीवरचा एएचआय बहुधा वेगवेगळा दिलेला असतो. उताण्याचा आकडा कुशीवरच्याच्या दुपटीहून जास्त असेल, तर टाळूच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी आपल्याला कुशीवर झोपवण्याच्या पट्ट्याबद्दल बोलावं लागेल.